उलटे आटे ओळखणारं सॉफ्टवेअर : म्यूमॅक्स-3, दीड वर्ष वापरल्यावर

सायकलीच्या डाव्या पायडलला उलटे आटे असतात, हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं. तेही पान्यावर जवळजवळ उभं राहून जोर लावल्यावर. सोडवायला जावं तितका पायडल जास्तच घट्ट बसत होता. शेवटी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांनी दुकानातूनच आवाज दिला, "मॅडम, उलटे आटे हायत त्याला! दुसरीकडं फिरवा!" दुसरीकडं फिरवला, आणि दोन बोटांत सुटला.

हे सुरुवातीलाच सांगायचं कारण पुढे येईल. मी सांगलीत एका कॉलेजात एमएस्सीला भौतिकशास्त्र शिकवते. गेल्या वर्षी दोन विद्यार्थिनींनी प्रोजेक्टला कायरल चुंबकांचा विषय घेतला आणि आमच्याकडे ना तसा पदार्थ, ना तो मोजायचं यंत्र. नॅनोमीटर जाडीचे थर बसवणारं यंत्र आमच्या कॉलेजच्या सात वर्षांच्या बजेटात बसणार नाही. मग उरतं ते कॉम्प्युटरवरचं चुंबक. त्यासाठी आम्ही म्यूमॅक्स-3 घेतलं. 'घेतलं' म्हणजे उतरवून घेतलं. ते फुकट आहे, सोर्स कोडसकट खुलं आहे. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या गटाने बनवलंय, त्यावरचा मुख्य शोधनिबंध 2014चा. पाचपैकी चार तारे देते. एक कुठे आणि का कापला ते खाली आहे, आणि तो सॉफ्टवेअरच्या चुकीसाठी कापलेला नाही.

आधी कायरल म्हणजे काय ते. आमच्यातली एक विचारत होती, घरी आई विचारते तेव्हा काय सांगू? मी म्हटलं, उजव्या सोंडेचा गणपती आणि डाव्या सोंडेचा गणपती. आरशात बघितलं तर एकाचा दुसरा होतो. पण मूर्ती पाटावर कितीही गोल फिरवा, डाव्या सोंडेचा उजव्या सोंडेचा होत नाही. चुंबकात सोंडेच्या जागी स्पिनची, म्हणजे अणूंच्या इवल्या चुंबकी बाणांची, वळणं असतात. शेजारशेजारचे चुंबकी बाण एका दिशेने उभे न राहता प्रत्येक जण थोडा थोडा वळत जातो, आणि ते वळण उजव्या आट्याचं की डाव्या, हे पदार्थच ठरवतो. आई म्हणे लगेच समजली. फक्त तिने पुढे विचारलं, "मग उजव्या वळणाचं कडक असतं का?" यावर आम्हा तिघींकडे उत्तर नव्हतं.

आता खरेदी. म्यूमॅक्सला एनव्हिडियाचंच ग्राफिक्स कार्ड लागतं. दुसऱ्या कंपनीचं कितीही भारी असो, चालत नाही. मॅकवाल्यांनी तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल. कॉलेजच्या लॅबमधल्या एकाही मशीनला तसं कार्ड नव्हतं. म्हणून मी शंभर फुटी रस्त्याकडच्या एका दुकानातून जुना गेमिंग लॅपटॉप बेचाळीस हजारांना घेतला. जीटीएक्स 1650 कार्ड, 4 जीबी. दुकानदाराने विचारलं, "मुलासाठी का?" मी म्हटलं, चुंबकासाठी. त्याने पुढे काही विचारलं नाही. घरी भाचा आला होता, त्याने मात्र लॅपटॉप बघून डोळे मोठे केले आणि आठवडाभरात तक्रारही सुरू केली, "मावशी, तुझं ते रंगीत वर्तुळ चालू असलं की गेम अडकतो."

बसवणं सोपं. झिप उतरवायची, उघडायची, ड्रायव्हर अद्ययावत ठेवायचा, बस. इन्स्टॉलरची भानगड नाही. फायरवॉल एकदा विचारतं, त्याला हो म्हणायचं. फाइल न देता प्रोग्रॅम चालवला की तो ब्राउझरमध्ये एक पान उघडतो, पत्त्याच्या शेवटी 35367 हा आकडा दिसतो, आणि तिथे चुंबकाचं चित्र डोळ्यासमोर हलायला लागतं. बटणं तीन-चारच: चालव, थांब, रिलॅक्स (म्हणजे बाणांना कमीत कमी ऊर्जेला स्थिरावू दे). आकडे तिथल्या तिथे बदलून पुन्हा चालवता येतात. हे पान मला इतकं आवडलं की पहिले दोन दिवस आम्ही अभ्यासाचं काहीच केलं नाही, नुसतं चुंबकक्षेत्र वाढवत आणि कमी करत बसलो.

नव्या माणसाने सुरुवात कुठून करावी, तर त्यांच्या पानावरच्या पहिल्या उदाहरणापासून. क्षेत्रातले लोक त्याला प्रमाण प्रश्न क्रमांक 4 म्हणतात. पर्मलॉयची, म्हणजे निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूची, आयताकृती पट्टी, 500 नॅनोमीटर लांब, 125 रुंद, 3 जाड. तिला आधी स्थिरावू द्यायचं, मग एकदम उलट दिशेचं 25 मिलिटेस्लाच्या आसपासचं क्षेत्र लावायचं आणि पुढच्या एका नॅनोसेकंदात बाण कसे पलटतात ते बघायचं. उत्तर जगभरातल्या गटांनी आपापल्या प्रोग्रॅमने काढून ठेवलंय, तेव्हा आपलं बरोबर आलं की नाही ते लगेच पडताळता येतं. अख्खी फाइल दहा-बारा ओळींची. आमच्या लॅपटॉपवर चहाला आधण यायच्या आत संपली. तेच गणित आम्ही आधी ऊम्फ या जुन्या प्रोग्रॅमवर लावलं होतं. तो अमेरिकेच्या एनआयएसटी या मापनसंस्थेचा, अतिशय भरवशाचा, पण प्रोसेसरवर चालणारा. त्यावर चहा होऊन, पिऊन, कप धुऊन झाले. ज्यांच्याकडे कार्डच नाही त्यांच्यासाठी ऊम्फ आजही चांगला आहे, हेही सांगून ठेवते.

आता मुख्य माल. स्किर्मिऑन. नाव ब्रिटिश अणुकेंद्र-भौतिकज्ञ टोनी स्किर्म यांच्यावरून; त्यांनी 1960च्या दशकाच्या सुरुवातीला ही कल्पना प्रोटॉन-न्यूट्रॉनसारख्या कणांसाठी मांडली होती, चुंबकांसाठी नव्हे. चुंबकातला स्किर्मिऑन म्हणजे बाणांचा एक छोटा भोवरा: कडेला सगळे बाण वर, मधोमध एक खाली, आणि मधल्या वाटेवर प्रत्येक बाण थोडा थोडा कलत जातो. आम्ही कोबाल्टच्या अतिपातळ थराची गोल चकती प्लॅटिनमवर ठेवलीय असं धरलं. त्यासाठी शोधनिबंधांतून नेहमी वापरले जाणारे आकडे आहेत: संतृप्त चुंबकन (सगळे बाण एका दिशेला असतानाचं चुंबकत्व) मीटरला 5 लाख 80 हजार अँपिअर, एक्स्चेंज (शेजाऱ्यांना समांतर ठेवणारी ओढ) 15 पिकोजूल प्रति मीटर, उभी अनिसोट्रॉपी (बाणांना थरावर उभं ठेवणारी ओढ) घनमीटरला 8 लाख जूल, आणि कायरल वळण देणारा तो गुणांक, ज्याला सगळे नुसतं 'डी' म्हणतात, चौरस मीटरला 3 मिलिजूल. सेल, म्हणजे गणितासाठी चुंबकाचे पाडलेले चौकोनी तुकडे, 1 नॅनोमीटरचा. याहून फार मोठा घेऊ नका; या आकड्यांना भिंतीची, म्हणजे वरच्या आणि खालच्या बाणांमधल्या कलत्या पट्ट्याची, जाडी सुमारे 5 नॅनोमीटर निघते, तिच्यात निदान चार-पाच सेल मावले पाहिजेत. एका बाजूला सेल किती, तो आकडा 2च्या घातातला ठेवा, 128 किंवा 256. आत फूरिअर गणित चालतं, त्याला असे आकडे मानवतात.

मग एका ओळीत स्किर्मिऑन मध्यभागी ठेवायचा आणि रिलॅक्स दाबायचं. पडद्यावर काय दिसतं ते जवळून सांगते, कारण या प्रोग्रॅमचं खरं कौतुक तिथे आहे. वर बघणारा बाण पांढरा, खाली बघणारा काळा. आडवे पडलेले बाण दिशेप्रमाणे रंगीत: उजवीकडे लाल, डावीकडे आकाशी, मधल्या दिशांना पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. म्हणजे पांढऱ्या चकतीत एक काळा ठिपका आणि त्याभोवती इंद्रधनुष्याची बारीक कडी. आता त्या कडीची उजवी बाजू बघायची. ती लाल असेल तर बाण मध्यापासून बाहेर फाकलेत. आकाशी असेल तर आत वळलेत. उजवी बाजू पोपटी किंवा जांभळी दिसली तर बाण बाहेरही नाहीत आणि आतही नाहीत, ते कडीवरून गोल फिरतायत. तो दुसऱ्या जातीचा स्किर्मिऑन, तो मँगनीज सिलिसाइडसारख्या स्फटिकांत सापडतो. एका नजरेत हात, म्हणजे वळण डावं की उजवं, ओळखता येतो. आमच्या लॅबच्या फळ्यावर 'उजवी कड लाल?' एवढंच दोन महिने लिहिलेलं होतं, आणि झाडायला येणाऱ्या मावशींनी ते पुसायचं नाही असं ठरवून घेतलं होतं.

आता तो घोळ. एके दिवशी दोघींपैकी एकीने एका शोधनिबंधातून डीचा आकडा उचलला. त्या लोकांची चिन्हाची पद्धत म्यूमॅक्सच्या उलटी होती. उणे चिन्हासकट आकडा फाइलमध्ये गेला. स्किर्मिऑन मात्र आधीच्याच हाताचा ठेवलेला. रिलॅक्स दाबलं की काळा ठिपका आक्रसायचा, कडी आवळायची, आणि दोन सेकंदांत चकती पांढरीफेक. कोणतीही सूचना येत नाही, कारण प्रोग्रॅमच्या दृष्टीने काही चुकलेलंच नसतं. आम्ही तीन दिवस घालवले. ड्रायव्हर पुन्हा बसवला. कार्ड तापतंय म्हणून लॅपटॉपखाली दोन डस्टर लावले. सेल अर्धा केला. जुना माल गळ्यात मारला म्हणून मी दुकानदारालाही मनात बोलून घेतलं. चौथ्या दिवशी तिनेच फाइल वाचता वाचता एकदम टेबलावर हात मारला, "मॅडम! उलटे आटे!" उणे काढलं, आणि लाल कड जागेवर. माझी सायकलची गोष्ट वर्गात सांगून फुकट गेली नव्हती.

यातून एक गोष्ट कळली, ती पुस्तकात मी दहा वेळा वाचली असेल. स्किर्मिऑनचा हात आणि डीचं चिन्ह, दोन्ही एकदम उलटं केलं, तर तक्त्यातली एकूण ऊर्जा सहाव्या अंकापर्यंत तीच येते. नुसता ऊर्जेचा स्तंभ बघून कोणीच सांगू शकणार नाही की आत डावं चाललंय की उजवं. ते कळतं फक्त कडीच्या रंगावरून. म्हणजे या विषयात आलेख पुरत नाही, चित्र लागतं. आणि चित्र देण्यात म्यूमॅक्सचा हात धरणारं दुसरं मी वापरलेलं नाही.

डी येतो कुठून, याचा धडा मी गेरूपासून सुरू करते. तुळशीवृंदावनाला लावतो तो गेरू. त्याचा लाल रंग हेमटाइटचा, लोखंडाच्या ऑक्साइडचा. त्यात शेजारचे स्पिन एकमेकांच्या बरोबर विरुद्ध असायला हवेत, म्हणजे बेरीज शून्य. तरी हेमटाइट अगदी किंचित चुंबकी निघतो. स्पिन अंशाच्याही छोट्या भागाएवढे तिरके उभे असतात म्हणून. ते तिरके का, याचं उत्तर रशियन भौतिकज्ञ झ्यालोशिन्स्की यांनी 1958मध्ये नुसत्या सममितीच्या आधारावर दिलं, आणि 1960मध्ये जपानी भौतिकज्ञ मोरिया यांनी त्यामागची यंत्रणा दाखवली: इलेक्ट्रॉनचा स्पिन त्याच्या स्वतःच्या भ्रमणाशी जोडलेला असतो, आणि दोन अणूंच्या मधोमध व्युत्क्रम सममिती (मधल्या बिंदूतून सगळं आरपार उलटवलं तरी रचना तीच राहणं) नसेल तर त्या जोडणीतून शेजाऱ्याला काटकोनात ओढणारी एक ताकद उरते. एक्स्चेंज म्हणतं समांतर उभे राहा, हा डी म्हणतो काटकोनात राहा, आणि त्या दोघांच्या भांडणातून वळण निघतं. प्लॅटिनमसारख्या जड धातूत ही जोडणी जबर असते, म्हणून कोबाल्टखाली प्लॅटिनम. तोच थर कोबाल्टच्या वर ठेवला तर चिन्ह पलटतं. खाली आणि वर सारखाच ठेवला तर दोघं एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकतात. हे आम्ही पडद्यावर फक्त चिन्ह बदलून बघितलं. कुठेतरी कोणीतरी हे खरोखर थर उलटे बसवून करतं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

मँगनीज सिलिसाइडचं वर आलंच, तर एवढंच: हा स्फटिकच मुळात डाव्या-उजव्या जातीचा. 29 केल्विनच्या खाली त्यात स्पिनचा जिना तयार होतो, एक पूर्ण फेरा सुमारे 18 नॅनोमीटरचा. 2009मध्ये म्युनिकजवळच्या गार्खिंगच्या अणुभट्टीतून न्यूट्रॉन पाठवून त्यात स्किर्मिऑनची षटकोनी जाळी सापडली, आणि पुढच्याच वर्षी जपानी गटाने लोखंड-कोबाल्ट-सिलिकॉनच्या स्फटिकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ती थेट बघितली. म्यूमॅक्समध्ये या जातीसाठी डीचा वेगळा गुणांक आहे, आणि थरांच्या सीमेवरच्या जातीसाठी वेगळा. दोन्ही एकाच वेळी भरले तर तो स्पष्ट नकार देऊन थांबतो. असं स्पष्ट बोलणारं सॉफ्टवेअर मला चालतं.

डी वाढवून बघा, ही माझी खास शिफारस. 3 वर स्किर्मिऑन गुपचूप बसतो. 4 केला की तो फुटतो, पसरतो आणि सगळ्या चकतीवर काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची वळवळ होते, अंगठ्याच्या ठशासारखी. हे कागदावर आधीच निघतं: एक्स्चेंज गुणिले परिणामी अनिसोट्रॉपी (थराच्या स्वतःच्या चुंबकक्षेत्राचा वाटा वजा करून उरलेली), त्याचं वर्गमूळ, गुणिले 4, भागिले π. आमच्या आकड्यांना ते 3.8च्या जवळ येतं. त्याच्या पलीकडे भिंत उभारायला ऊर्जा लागण्याऐवजी उलट ऊर्जा सुटते, मग चुंबक भिंतीच भिंती उभारत सुटतं. हाताने काढलेला आकडा आणि पडद्यावरची वळवळ यांची गाठ पडली, त्या दिवशी मुली कँटीनला जायच्या विसरल्या.

एक प्रश्न सगळेच विचारतात म्हणून. स्किर्मिऑनचा टोपोलॉजिकल चार्ज म्हणजे बाण मिळून गोलाला किती वेळा गुंडाळतात तो आकडा, तो पूर्णांक असतो असं पुस्तक सांगतं. म्यूमॅक्स मात्र चकतीसाठी एकाच्या जरा अलीकडचा अपूर्णांक दाखवतो. "मॅडम, पूर्ण एक का नाही?" प्रोग्रॅम चुकत नाहीये. चकतीच्या कडेला डीमुळे बाण थोडे कलतात, त्यामुळे गुंडाळी पूर्ण होत नाही. कड नाहीशी करा, म्हणजे डावी बाजू उजव्या बाजूला जोडून अखंड पृष्ठभाग करा, आणि सेलवार मोजणारा दुसरा आदेश वापरा; मग आकडा बरोबर एकवर येतो. उत्तर सापडायला आम्हाला दीड दिवस लागला, कारण मदतीचं पान म्हणजे आदेशांची यादी आहे. एकेका आदेशाला एकेक ओळ. माहीतगाराला पुरते, नवख्याला नाही.

प्रवाह सोडून स्किर्मिऑन पळवताही येतो. तो सरळ जात नाही, ऑफस्पिनसारखा बाजूला वळतो. 2017मध्ये हे प्रयोगातही दिसलंय. इथे एक बारकावा: कुठल्या बाजूला वळेल हे ठरतं मधला बाण वर की खाली यावर, कडी लाल की आकाशी यावर नाही. आम्ही उलटं धरून चाललो होतो.

आता कापलेला तारा. विद्यापीठाकडे प्रोजेक्टचं नाव पाठवलं होतं त्यात 'क्वांटम स्पिन' हा शब्द होता. आणि म्यूमॅक्समध्ये क्वांटम काहीही नाही. त्यातला प्रत्येक बाण म्हणजे एका सेलमधल्या कित्येक अणूंची सरासरी. तो साध्या भोवऱ्यासारखा डोलतो, लँडाउ आणि लिफ्शिट्झ यांच्या 1935च्या समीकरणाने, त्यात गिल्बर्ट यांची घर्षणाची दुरुस्ती. डीच्या मुळाशी क्वांटम आहे, एक्स्चेंजच्या मुळाशी तर आहेच, पण ते आपण आकडा म्हणून हातात घेऊन येतो. आत गेल्यावर सगळं शास्त्रीय. मोठ्या चुंबकांना हे उत्तम लागू पडतं. पण जिथे अणू दोन-तीन आहेत आणि स्पिन अर्धा, म्हणजे क्वांटममधला सर्वांत लहान, आहे, तिथे बाण हे चित्रच मोडतं. हे त्यांनी कुठे लपवलेलं नाही. मीच शीर्षकात शब्द घालून बसले होते.

म्हणून शेवटच्या महिन्यात एक दुसरं साधन जोडीला घेतलं, त्याचंही परीक्षण याच हिशेबात धरा. क्वस्पिन नावाची पायथॉनची लायब्ररी, बॉस्टन विद्यापीठातल्या दोघांची, 2017ची, तीही फुकट. ती बाण धरत नाही, सगळ्या शक्यता धरते. त्यामुळे आवाका एकदम लहान. म्यूमॅक्समध्ये आम्ही 256 गुणिले 256, म्हणजे पासष्ट हजारांवर बाण सहज फिरवत होतो. इथे 20 स्पिन म्हटलं की दहा लाखांवर अवस्था. 40 स्पिन घ्या, आणि नुसती एक अवस्था साठवायला सतरा हजार जीबीच्या वर जागा लागेल. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा माझ्या कामाकडे आदराने बघू लागला.

पण छोट्यात जे दिसतं ते सुंदर. दोन अर्धे स्पिन, विरुद्ध उभे राहायची ओढ 1, डी 0.5. हाताने चार बाय चारची मॅट्रिक्स मांडली, खालची ऊर्जा निघाली -0.809. लायब्ररीनेही तेच दिलं. डी -0.5 केला, पुन्हा -0.809. मुलगी म्हणाली, उणे घालायचं राहिलं वाटतं. राहिलं नव्हतं, सूत्रात डीचा वर्ग येतो. इथेही ऊर्जेला डावं-उजवं कळत नाही, ते कळण्यासाठी दोन स्पिनचा सदिश गुणाकार वेगळा मोजावा लागतो. आणि डी शून्य केला तर? -0.75. दोन बाण धरले असते तर कितीही उलटे उभे केले तरी -0.25च्या खाली जाता आलं नसतं. उरलेला अर्धा, दोन्ही स्पिन एकमेकांत गुंतल्यामुळे मिळालेला. त्या अवस्थेत एकेकट्या स्पिनला बाणच नसतो. म्यूमॅक्समध्ये याला कोणता रंग देणार?

मग त्रिकोण. तीन अर्धे स्पिन, प्रत्येकाला दुसऱ्या दोघांच्या उलट व्हायचंय, जे जमणं शक्य नाही. आठ अवस्था. यादी छापली: चार वेळा -0.75, चार वेळा 0.75. खालच्या चार का? दोन तर एकूण स्पिन वर-खाली असल्याच्या. उरलेलं दुप्पट कशाचं, तर फिरण्याचं. तिघींनी हात धरून फेर धरला तर तो उजवीकडून फिरेल किंवा डावीकडून. तिन्ही स्पिनचा तिहेरी गुणाकार मोजला की त्या खालच्या चारांत दोन 0.433 आणि दोन -0.433 निघतात, वर्गमूळ तीन भागिले चार. एका पातळीत पसरलेल्या तीन शास्त्रीय बाणांसाठी हा गुणाकार शून्य. इथे तो शून्य नाही, आणि डी शून्य असूनही नाही. हात बाहेरून कोणी दिलेला नाही, तो त्या चार सारख्या आकड्यांच्या आत दडून बसलेला आहे. गंमत अशी की लायब्ररीने पहिल्यांदा दिलेल्या अवस्थांत हा गुणाकार भलताच येत होता, कारण सारख्या ऊर्जेच्या अवस्था ती हव्या तशा मिसळून देते. त्रिकोण फिरवल्यावर जी अवस्था तशीच राहते ती निवडायला तिला सांगावं लागतं. हे प्रकरण दोघींनी स्वतः शोधलं. मी तेव्हा परीक्षेच्या ड्युटीवर होते.

किरकोळ सूचना. लाइट जाण्याचा हिशेब ठेवा. दर थोड्या वेळाने अवस्था आपोआप जतन करायची ओळ फाइलमध्ये घालता येते, तेवढी विसरू नका, मग शेवटची फाइल वाचून पुढे जाता येतं. जुनी फाइल नाव न बदलता पुन्हा चालवू नका. मी रात्रभराचे निकाल असे घालवले आहेत, आणि त्याचा दोष कोणालाच देता येत नाही. आतलं गणित 32 बिटांचं आहे, फार बारीक फरक मोजायचे असतील तर हे लक्षात असू द्या. आणि त्याच गटाने आता म्यूमॅक्स-प्लस काढलंय, पायथॉनमधून चालणारं, त्यात प्रतिलोहचुंबकांचीही (शेजारचे स्पिन एकमेकांच्या उलट असणाऱ्या पदार्थांची) सोय आहे; गेरूचा प्रयोग त्यावर करून बघायचा बेत आहे.

त्यासाठी 4 जीबी पुरतील असं वाटत नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच दुकानात जाणार आहे. या वेळी भाचा बरोबर येतो म्हणतोय, आणि 8 जीबीच्या खाली घ्यायचं नाही असं त्याने मला आधीच बजावलंय.